बोगद्यातल्या अक्षता

सातपूर, नाशिक
कोजागरी झाली, चकलीची भाजणी अजून दळायची आहे

सौ. उज्वलाताई विहीणबाई यांना,

यशोदाबाईचे दोन नमस्कार. एक मानाचा, तो आत्ताच घ्यावा. दुसरा मायेचा, तो पत्र वाचून झाल्यावर मनाला वाटलं तरच घ्यावा. तुमचे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल लावता, की बाटली देवघराच्या फळीवर नुसती शोभेला ठेवली आहे? जयरामरावांनी कानाचं यंत्र बसवलं का, की तोफखान्यातल्या नोकरीत गेलेले कान यंत्राने परत येत नाहीत हेच अजून चालू आहे? त्यांनाही माझा नमस्कार सांगा, जरा मोठ्याने सांगा. आम्ही सगळे खुशाल आहोत असं पुढे लिहिणार होते, पण मग एवढं लांब पत्र कशाला लिहिलं असं तुम्ही विचाराल, म्हणून ते वाक्य तूर्त बाजूला ठेवते.

तुम्हाला वाटेल, सातपूरहून देवळाली कॅम्पला यायला असा किती वेळ लागतो, फोन तर त्याहून लवकर लागतो, मग ह्या बाईला कागद कुठून सुचला. फोन करून पाहिला, ताई. तुम्ही उचललात, मी घसा साफ केला, तेवढ्यात जयरामरावांनी सवयीने स्पीकर लावला आणि मागून तुमच्या शेजारणीने 'कोण, सातपूरच्या का?' म्हणून विचारलं. मग मी मेथीबद्दल चार वाक्यं बोलले आणि फोन ठेवला. मोबाइलवर लिहून पाठवावं तर मागे एकदा 'सुनेच्या भाकरीला नाशिक जिल्ह्याचा आकार येतो' हे मी बहिणीला पाठवायचं ते घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि त्याच्याखाली पहिला अंगठा निकिताचाच उमटला होता. प्रत्यक्ष यावं, तर तुमच्यासमोर बसून हे माझ्या तोंडून निघणार नाही. चहा होईल, चिवडा होईल, आणि मी उठून बस धरीन. त्यापेक्षा कागद बरा. अंगणवाडीत असताना मुलांचे अहवाल लिहून लिहून हाताला वळण लागलं आहे (आणि खाडाखोड करायची नाही ही शिस्तही), तेवढीच ती नोकरी आज उपयोगाला येते आहे.

विषय निकिताचा आहे. घाबरू नका. तिची तब्येत उत्तम आहे, जेवते वेळेवर, हर्षलशी तिचं नीट चाललं आहे. ती माझ्यावर रागावली आहे असंही म्हणता येत नाही, आणि तेच तर दुखणं आहे. माझ्या हातून तिच्या कामाचं वाटोळं झालं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी अतिशय चांगली वागते आहे.

ती सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नक्की काय करते हे तुम्हाला आई म्हणून पहिल्यापासून माहीत असेल, मला कळायला बराच काळ गेला. सोयरीक ठरली तेव्हा तुम्ही 'हवेच्या चाचण्या' म्हणालात, मला वाटलं मुलगी धुराबिरावर लक्ष ठेवणाऱ्या खात्यात असेल. मग ती घरात टनेल, टनेल म्हणायला लागली, तेव्हा मी गल्लीत सांगून टाकलं की सून समृद्धी महामार्गाच्या बोगद्यावर साहेब आहे. (शेजारच्या साळूबाई अजूनही इगतपुरीकडच्या त्या बोगद्यात गाडी शिरली की माझ्या सुनेचं नाव घेतात आणि हात जोडतात. आता त्यांना खरं सांगायचा धीर मला होत नाही.) तिचा बोगदा म्हणजे एका मोठ्या शेडमधला आडवा लोखंडी नळ. बाहेर टँकरएवढ्या टाक्या, त्यांत कंप्रेसर सकाळपासून हवा कोंबत बसतो. नळ मध्येच गळ्यासारखा निमुळता होतो आणि गळ्याच्या पुढे जाड काचेची खिडकी असलेली एक पेटी आहे. त्या पेटीत रॉकेटची किंवा विमानाची छोटी प्रतिकृती दांड्यावर बसवतात आणि मग टाक्यांतली हवा एकदम सोडतात. ती आवाजाच्या दुपटीने पळते म्हणे. रॉकेट आपलं जागच्या जागी, धावायचं काम हवेचं. दूध उतू जायला लागतं आणि आपण गॅस बंद करतो, तेवढ्यात सगळा खेळ संपतो, की पुन्हा टाक्या भरत बसायचं. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं मी एकदा बोलून गेले, तर तुमची लेक म्हणाली, आई, पुरणपोळ्या करायला किती वेळ लागतो आणि खायला किती? तेव्हापासून मला तो बोगदा समजला.

त्या बोगद्यात तिच्या पंखांची परीक्षा होती. हवामान बघायला वर जातं ना, त्या छोट्या रॉकेटच्या शेपटीला बसवायचे पंख. गेली काही वर्षं ती त्यांचा आकार ठरवत होती. कधी संगणकावर, कधी वहीच्या मागच्या पानावर, एकदा तर थालीपिठावर बोटाने. ज्या हैदराबादच्या मंडळींना ते रॉकेट बांधायचं होतं त्यांच्यापुढे दोन आकार होते, एक दुसऱ्या गावच्या लोकांचा आणि एक निकिताचा. त्या लोकांचा तपासून झाला होता. निकिताचा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या देखत तपासायचा, आणि दोन्हींत जो बरा ठरेल तो वर जाणार. प्रतिकृती केली कोणी, तर आमच्या ह्यांनी. (सहादू हे नाव. तोंडाने घेत नाही, पण कागदावर घ्यायला हरकत नाही.) बाहेर टाकलं तर वेळेत मिळेना, म्हणून इथल्या आमच्या वर्कशॉपमध्येच तिने सासऱ्यांकडून करवून घेतली. पंखाची कड भाजीच्या सुरीपेक्षा पातळ. ह्यांनी ती घासून घासून अशी चकचकीत केली की मी तिच्यात बघून टिकली सरळ केली. निकिताने ते पाहिलं आणि हसत हसत माझ्या बोटांचे ठसे पुसून काढले. आई, ह्याला बोटाचा ठसासुद्धा चालत नाही, हात लावायचा नाही. हे वाक्य मी चांगलं लक्षात ठेवलं. पुढे जे झालं ते ते वाक्य तंतोतंत पाळून झालं.

आता खंडेनवमी. तुमच्याकडे ह्या दिवशी जयरामराव जुनी पेटी उघडून पक्कड आणि पाना पुजतात हे मी पाहिलं आहे. आमच्याकडे तर सणच तो. लेथ, ड्रिल, ग्राइंडर धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि ज्याच्या ज्याच्यावर घर चालतं त्याच्यावर अक्षता टाकायच्या. अक्षता टाकायचं काम माझं. लग्न होऊन आल्यापासून एकही यंत्र मी कोरडं सोडलेलं नाही, वर्कशॉपमधल्या चहाच्या स्टोव्हलाही दोन दाणे मिळतात. तांदूळ माझ्या भावाच्या घोटीच्या शेतातला इंद्रायणी. तुटका दाणा एकही राहू द्यायचा नाही, अखंड तेवढे निवडायचे. कुंकू लावताना मी थोडं तूप घालते, त्याने रंग धरून राहतो. (हे तूप लक्षात ठेवा.) यंदा निकिताच्या साहेबांनी, रविराज सरांनी, प्रयोगशाळेतल्या पूजेला सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. मी पैठणी नेसले, अक्षतांची डबी कमरेला खोचली आणि कंपनीच्या बसने गेले.

भटजींनी पूजा छान सांगितली. कंप्रेसरला माळ, टाक्यांना कुंकवाची स्वस्तिकं, बटणांच्या कपाटाला आंब्याची डहाळी, फाटकापाशी नारळ. मग घरच्या माणसांना बोगदा दाखवायला काचेची खिडकी थोडा वेळ उघडली. निकिताने सगळ्यांना बजावलं, आत काही ठेवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. माझी पाळी आली. मी आत वाकून पाहिलं तर ते एवढंसं रॉकेट दांड्यावर एकटं उभं. बाहेर नटबोल्टाला कुंकू लागलेलं, झाडूला फूल मिळालेलं, आणि माझ्या सुनेच्या कामाला काही नाही. अगदी उघडं वाटलं हो मला ते. मागे फोटो काढण्यासाठी सगळे रविराज सरांभोवती गोळा होत होते. हात लावायचा नव्हता, मी लावला नाही. ठेवायचं काही नव्हतं, मी ठेवलं नाही. लांबूनच, लग्नात टाकतो तशा, त्याच्या डोक्यावर चिमूटभर अक्षता टाकल्या. टाकायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. रॉकेटचं डोकं गळ्याच्या बाजूला होतं हे मला दिसलं, पण वारा तिकडूनच येतो हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. रॉकेटवर एकही दाणा ठरला नाही, सगळे पुढे त्या निमुळत्या भागात जाऊन बसले, तुपामुळे छान चिकटले, आणि खिडकी बंद झाली.

तरी कोणाच्या नजरेस पडायला हवे होते, असं तुम्ही म्हणाल. पडलेही असते. पण पूजा झालेल्या यंत्राला दसरा उलटेपर्यंत कोणी हात लावत नाही, निकिताच्या प्रयोगशाळेतही नाही. तपासणी त्यांनी पूजेच्या आधीच उरकून ठेवली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आतून पुसायचं ठरलं होतं, तर पाहुणे सकाळीच हजर, त्यांना दुपारचं विमान. निकिताने काचेतून बघितलं. रॉकेट स्वच्छ होतं. गळ्यातलं काचेतून दिसत नाही.

पुढचं आमच्या ह्यांनी सांगितलं, कारण प्रतिकृती त्यांची म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. हवा सोडली तसं अख्ख्या शेडला कापरं भरलं. पडद्यावर रॉकेटची सावली आली, नाकापासून दोन्ही बाजूंना दोन तिरक्या रेघा, छत्री अर्धी उघडावी तशा. त्या रेघा म्हणजे हवेला पडलेली घडी म्हणे, आणि ती कुठे पडते ह्यावरच सगळं असतं. निकिता ती बघून हसली होती, एवढं ह्यांनी नक्की पाहिलं. मग त्या रेघांत ठिणग्या उडाल्यासारखं काहीतरी झालं, आकडे वेडेवाकडे पळाले, हवा संपली, आणि काच गुलाबी झाली. उघडून पाहिलं तर पंखांच्या कडा करवतीसारख्या दातेरी, एकाचं टोकच नाहीसं, आणि आतला जो नाजूक काटा हवेचा जोर मोजतो तो वाकलेला. तांदळाने स्टील कापलं, असं हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यात थोडं कौतुकही होतं, उगाच खोटं कशाला लिहू, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पाहुण्यांनी ताटकळत राहायचं कशासाठी? नवी प्रतिकृती, नवा काटा, बोगद्यात पुन्हा पाळी, एवढ्याला होळी उजाडली असती. त्यांनी दुसऱ्या गावच्या लोकांचे पंख घेतले. रविराज सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, शेवटचं कोणी बघितलं? कोणी काही बोलायच्या आत तुमची लेक म्हणाली, मी, आणि गळा न उघडता हवा सोडायला नको होती, चूक माझी. आणखी एक अक्षर नाही. हे तिथेच उभे होते, त्यांनी तांदूळ बघताक्षणी ओळखला होता, पण तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तोंड मिटलं.

संध्याकाळी ती घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात. मुठीतून एक दाणा काढून ओट्यावर ठेवला. बाकी सगळ्यांचा चुरा झाला होता, हा एक सांध्यात चिकटून राहिल्यामुळे अखंड होता. गोल, ठसठशीत, लाल. आई, हा आपला आहे ना, एवढंच तिने विचारलं. आवाजही चढवला नाही. आणि मी, उज्वलाताई, अंगणवाडीत एवढ्या मुलांना खरं बोलायला शिकवलेली मी, म्हणाले की कुंकू काय, सगळ्यांच्याच घरी असतं. तिने दाणा उचलून परत मुठीत घेतला. मग म्हणाली, हो आई.

त्या 'हो आई'ने माझा जीव घेतला आहे. तुम्हाला ठाऊक आहे, गणपतीत तुमच्याकडे आले होते तेव्हा मी तक्रार केली होती की निकिता उलट उत्तरं देते. भाजीतलं तेल, मालिकेचा आवाज, खिडक्या कधी उघडायच्या, साळूबाईंना किती वेळ बसू द्यायचं, एकेका गोष्टीवर वाद. ती तक्रार मी आज बिनशर्त मागे घेते. आता वाद नाही, काही नाही. भाजी कशी झाली, छान झाली आई. मालिका लावू का, लावा ना आई. कळवळून मी तिच्या आवडीची भरली वांगी केली, छान झाली आई. शेवटी एक दिवस मी मुद्दाम वरणात मीठ दुप्पट टाकलं, म्हटलं काही तरी बोलेल. ह्यांनी ताट सरकवलं, हर्षल दही आणायला उठला, आणि निकिताने वरण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणी आल्यासारखी वावरते आहे. आणि भात. त्या दिवसापासून आमच्या घरात भात शिजलेला नाही. तसं कोणी ठरवलं नाही, पण कुकर लावायला माझा हात होत नाही आणि भात का नाही हे विचारायला कोणाची जीभ वळत नाही. सगळे निमूट भाकऱ्या खातो. परवा हर्षल बाहेरून बिर्याणी घेऊन आला, मी ती कपड्याखाली झाकून साळूबाईंकडे पोचवून आले.

चूक अक्षतांची झाली हे मला कळतं. पण रोज दुपारी आडवी झाले की टोचतं ते वेगळंच. निकिता आमच्याकडे आली तेव्हापासून तिच्या कामाबद्दल एक चांगला शब्द मी तिला कधी बोलले नाही. उशिरा येतेस म्हणाले, डोळे खराब होतील म्हणाले, घरात दोन माणसांना पुरेल एवढा तरी स्वयंपाक शिकून घे म्हणाले. गल्लीत मात्र तिच्या नावाने मिरवले (चुकीच्या बोगद्यावर का होईना). त्या दिवशी ते एकटं रॉकेट बघून मला जे वाटलं ते असं होतं, की माझ्या सुनेचं काम किती देखणं आहे. मागे वळायचं, ती चार पावलांवर उभी होती, तिला तेवढं सांगायचं. पंखांना काही झालं नसतं. पण आपल्या पिढीला कौतुक तोंडातून काढायची लाज वाटते, मग आपण तांदूळ टाकतो. मला फार वाईट वाटतं, ताई. यंत्रांना इतकी वर्षं न चुकता अक्षता टाकल्या, माणसाला साधं वाक्य टाकता आलं नाही.

आता कामाचं. भाऊबीजेला निकिता तुमच्याकडे येईलच. यंदा तिला लगेच परत धाडू नका, चार दिवस जास्त ठेवून घ्या. तिथे ती तुमच्याशी, भावाशी मोकळी बोलेल, हसेल, मन हलकं होईल. आणि जमलं तर सहज विषय निघाल्यासारखा काढून तिला एवढं सांगा की सासू चुकली, पण मनात वाईट नव्हतं. माझं नाव घेऊ नका. म्हणजे सासू म्हणून घ्यावंच लागेल, पण मी सांगायला सांगितलं असं दाखवू नका.

गुडघ्यांना जपा, तेल खरंच लावा. जयरामरावांना सांगायचं ते सांगा, पण खिडक्या लावून घेऊन. थोरांना नमस्कार, लहानांना जे काही द्यायचं ते ह्या वेळी तुम्हीच द्या, माझ्या आशीर्वादाचा भरवसा राहिलेला नाही.

तुमची
यशोदाबाई

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण विचारायचं होतं ते राहूनच गेलं, किंवा मीच ते मागे ढकलत आले. निकिता लहानपणी रुसली की तुम्ही काय करायच्यात? ती किती वेळ धरून ठेवायची? आपोआप बोलायची, की तुम्ही काही करून घालायच्यात, की जवळ घ्यायच्यात? मी तिला अजून एकदाही जवळ घेतलेलं नाही, म्हणून नेमकं कसं ते मला माहीत नाही. तेवढं कळवा. ह्यासाठीच पत्र लिहिलं होतं.

ता. क. दुसरं. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. आज सकाळी कोणाला न सांगता बस धरून सिन्नरला गेले, तिथून जीपमध्ये कांद्याच्या दोन गोण्या आणि एका आजीबाईंच्या मध्ये बसून वसाहतीत पोचले. तुमच्या उत्तराची वाट बघण्याइतका दम निघेना. फाटकावर कुंदन म्हणून रखवालदार आहे, तो म्हणाला, 'मावशी, साहेब मीटिंगात हायेत, काय निरोप हाय तो मला सांगा.' मला वाटलं होतं साहेबांना दोन वाक्यांत सांगीन. पण रस्ताभर तोंडात धरून ठेवलेलं होतं, ते त्याच्यापुढेच बाहेर पडलं, पैठणीपासून तुपापर्यंत सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'म्हंजे तांदूळ तुमचा व्हय? आन आम्ही त्या भटजींना फाटकातून आत येऊ देत नाय. लय बोलले त्यांना लोक.' बघा, माझ्यामुळे आणखी एक माणूस उपाशी— म्हणजे दक्षिणेवाचून. माझी तर मान वर होईना. शेवटी रविराज सर आले. त्यांना उभ्या उभ्या सांगितलं की गळ्यातले दाणे माझे, निकिताने मला पाठीशी घातलं, चूक तिच्या नावावर ठेवू नका. त्यांनी आधी मला खुर्ची दिली. मग म्हणाले, गेलेली पाळी परत आणता येत नाही, पण हे तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. चहा दिला. निघताना पाहिलं तर बोगद्याच्या दाराशी पाटी लागली आहे: चप्पल, मोबाइल, फुले व तांदूळ आत नेऊ नये. विज्ञानाच्या प्रगतीत माझी एवढी भर. भटजींना मात्र पुढच्या वर्षी बोलावणार आहेत, फाटकापर्यंत.

ता. क. तिसरं, हे शेवटचं. संध्याकाळी निकिता आली. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली. कोणी सांगितलं होतं तुम्हाला तिथे जायला, म्हणे. मी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं ते कशासाठी, तुम्हाला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून ना? आता कुंदनने फाटकावरून सगळीकडे पोचवलं आणि कँटीनमध्ये मला अक्षतावाल्यांची सून म्हणतात. आणि तूप, आई? तूप कशाला लावलंत? मी म्हटलं, रंग धरतो म्हणून. त्यावर तर तिचा असा भडका उडाला की हे वर्कशॉपला जायला निघाले, आणि वर्कशॉप आज बंद असतं. मग मागचं सगळं बाहेर आलं. वरणात मीठ किती होतं, ते मुद्दाम घातलं हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. मालिकेच्या आवाजाने डोकं उठतं. साळूबाई जेवणाच्या वेळेला येतात. आणि ह्या घरात माणसाने भात खायचाच नाही का? मीही गप्प बसले नाही, मीही दोन ऐकवल्या. त्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, की तुझे पंख देखणे होते, मला त्यातलं काही कळत नाही, पण देखणे होते. ती एकदम थांबली. हे आधी सांगता आलं नसतं का, म्हणाली, आणि रडायला लागली. पंख गेले ते गेलेच, ताई, त्या रॉकेटला आता दुसऱ्यांचे लागतील, त्याला माझ्याकडे औषध नाही. मी तिला जवळ घेतलं. नीट जमलं नाही, तिची लॅपटॉपची बॅग मध्ये येत होती. एवढ्यात हर्षल पाळीवरून आला, त्याला वाटलं कोणी गेलं, आणि सगळं तिथेच तुटलं. तिला अजून साळूबाईंबद्दल बरंच बोलायचं आहे, माझंही खिडक्यांचं राहिलं आहे. आता मी कुकर लावला आहे.

तेव्हा पहिल्या ताज्या कलमाचं उत्तर आता नको. आणि भाऊबीजेला चार दिवस जास्त ठेवून घ्या असं वर लिहिलं आहे ते खोडलं असतं, पण मी खाडाखोड करत नाही, म्हणून इथेच लिहिते. सकाळी पाठवते, ओवाळणं झालं की संध्याकाळच्या बसने तिला परत पाठवा. आमचं भांडण अर्धं राहिलं आहे.